कागद जमवणाऱ्याचे कागद

जुन्या ग्रंथांचा व्यापारी गेला तरी त्याच्या याद्या मागे राहतात. लंडनचे बर्नार्ड क्वारिच १८९९ साली वारले. पण त्यांच्या दुकानाच्या छापील याद्या चाळल्या की कोणता ग्रंथ कधी विक्रीला आला आणि त्याची किंमत काय लावली होती, हे आजही सांगता येते. आपल्याकडेही जुने ग्रंथ, चित्रे आणि दप्तरे हेरून जमवणारी माणसे झाली. त्यांचा व्यवहार मात्र ओळखीवर, भिडेवर आणि शब्दावर चाले. अशा माणसाची कारकीर्द लिहायची तर त्याने छापलेल्या पुस्तकांची शीर्षकपाने, सहसंपादकांची नावे, समकालीनांनी घेतलेले आक्षेप आणि त्याच्यामागे उरलेले रुमाल एवढ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. साताऱ्याचे रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीस (२७ नोव्हेंबर १८७० ते ३१ मार्च १९२६) यांची कारकीर्द याच साधनांतून इथे जुळवली आहे. ते लेखक होते, संपादक होते, पण सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी ते संग्राहक होते. त्यांच्या प्रत्येक पुस्तकावर या संग्राहकाचा ठसा आहे. त्या पुस्तकांच्या गुणांना आणि दोषांना तोच जबाबदार आहे.

पारसनीस लिहू लागले तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे कागद छापण्याची चळवळ दहा-पंधरा वर्षांची झाली होती. ग्रँट डफचा इतिहास १८२६ साली निघाला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ साली त्यावर टीका केली आणि आपल्या इतिहासाची मूळ साधने आपणच तपासली पाहिजेत, ही जाणीव शिकलेल्या वर्गात रुजली. १८७८ साली ‘काव्येतिहास संग्रह’ निघाला. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या या मासिकाने बखरी आणि पत्रे छापून वाचकांना मूळ कागदाची गोडी लावली. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला पटवर्धनांच्या दप्तरात बुडाले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना वाईत एरंडे यांच्या घरी पानिपतच्या काळची पत्रे मिळाली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड बाहेर पडला. साने, खरे, राजवाडे या तिघांच्याही पाठीशी शिक्षण होते, पहिल्या दोघांना शिक्षकी पेशाचा आधारही होता. पारसनीसांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. विशीच्या आतच त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ नावाचे मासिक चालवले. पुढे शतकाच्या अखेरीस ‘भारतवर्ष’ काढले, ते अल्पायुषी ठरले. इतिहासाच्या क्षेत्रात ते विद्वत्तेच्या दारातून शिरले नाहीत. मासिकाच्या, म्हणजे वाचकाला काय आवडते याची जाण असलेल्या माणसाच्या दारातून शिरले.

त्यांचे पहिले मोठे पुस्तक म्हणजे १८९४ साली प्रसिद्ध झालेले झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र. त्या वेळी पारसनीसांचे वय चोविशीच्या आत होते. सत्तावन्न सालच्या घटनेला अवघी सदतीस वर्षे झाली होती. राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव तेव्हा इंदुरात हयात होते. ते १९०६ साली वारले. या चरित्रात पारसनीसांनी एक पत्र छापले आहे. टी. ए. मार्टिन नावाच्या इंग्रज गृहस्थाने २० ऑगस्ट १८८९ रोजी आग्र्याहून दामोदररावांना लिहिलेले. तुमच्या मातोश्रींवर अन्याय झाला, जून १८५७ मध्ये झाशीला युरोपियनांची जी कत्तल झाली तीत त्यांचा हात नव्हता, असा त्या पत्राचा आशय. पुढच्या लेखकांनी ते पत्र वापरले, सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारख्या इतिहासकारानेही १९५७ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचले ते पारसनीसांच्या मराठी पुस्तकातून.

संग्राहकाची ताकद इथे दिसते. सरकारी अहवालात न सापडणारा कागद घराण्याच्या पेटीत सापडतो आणि ती पेटी उघडायला घरच्यांचा विश्वास लागतो. त्याच पुस्तकात या विश्वासाची किंमतही दिसते. राणीने लढाई नाइलाजाने, परिस्थितीच्या रेट्याने अंगावर घेतली, असा पारसनीसांच्या मांडणीचा कल आहे. इंग्रजी अमदानीत, राणीच्या पुत्राच्या हयातीत, त्याच्या हिताला बाध न येईल असे लिहिणे म्हणजे हाच कल. वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ साली हिंदीत ‘झाँसी की रानी’ ही कादंबरी लिहिली तेव्हा प्रस्तावनेत पारसनीसांच्या याच मताला हरकत घेतली. आपल्या घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली राणी वेगळी होती, असे त्यांचे म्हणणे. कागद देणारा आणि कागद छापणारा यांच्यातले नाते मजकुरात कसे उतरते, याचा हा पहिला दाखला.

पुढच्या दहा वर्षांतली शीर्षकपाने ओळीने लावून पाहावीत. १८९५ मध्ये बुंदेलखंडातल्या मराठ्यांच्या पराक्रमावरचे पुस्तक, १८९९ मध्ये ‘अयोध्येचे नबाब’, १९०० मध्ये ‘मुसलमानी अमदानीतील मराठे सरदार’ आणि ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचे चरित्र, १९०२ मध्ये बायजाबाई शिंदे, १९०४ मध्ये ‘मराठ्यांचे आरमार’. विषय बुंदेलखंडापासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेले आहेत. एका प्रश्नाचा पाठपुरावा करणारा अभ्यासक अशी उडी मारत नाही. ज्या घराण्याचे कागद हाती आले त्या घराण्याचे चरित्र लिहायचे, आणि ते चरित्र पाहून दुसरे घराणे आपली पेटी उघडते, अशी ही साखळी आहे. जहागीरदार, इनामदार आणि संस्थानिक यांच्यात पारसनीसांना जो शिरकाव मिळाला तो असा, पुस्तकागणिक वाढत गेला.

ही पेटी सहज उघडणारी नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रात हजारो इनामांची झडती झाली. ज्याच्याकडे सनद नाही त्याचे इनाम गेले. सनद असूनही तिच्यातल्या एखाद्या शब्दाने काहींचे गेले. तेव्हापासून जुना कागद म्हणजे घरातली ठेव आणि घरातली भीतीही. तो दाखवला तर उपयोग होईल की घात, हे सांगता येत नसे. अशा घरात जाऊन, चार दिवस राहून, वडीलधाऱ्यांशी बोलून, पूर्वजांची थोरवी ऐकून घेऊन मग दप्तराचा विषय काढायचा, हे काम सगळ्यांच्या स्वभावाला झेपणारे नाही. राजवाड्यांच्या स्वभावाला ते झेपत नसे. ते फटकळ होते आणि मालकाने कागद दिला नाही तर त्याला चार शब्द सुनावायला मागेपुढे पाहत नसत. पारसनीसांचा मार्ग गोडीचा होता.

या दोघांची जाहीर गाठ पडली ती ब्रह्मेंद्रस्वामींवरून. स्वामी आधी चिपळूणजवळच्या परशुरामाला राहत. १७२७ साली सिद्दी सात याने तिथले देवालय उद्ध्वस्त केल्यावर ते देशावर येऊन साताऱ्याजवळ धावडशीला राहिले आणि १७४५ साली तिथेच वारले. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे अशा सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पारसनीसांनी तो मोठ्या प्रमाणात मिळवला आणि १९०० साली चरित्रासह छापला. त्यात स्वामी उभे राहतात ते मराठ्यांच्या उत्कर्षामागचे प्रेरक, राजकर्त्यांचे गुरू म्हणून. पुढच्याच वर्षी राजवाड्यांनी ‘साधनां’चा तिसरा खंड काढला. तोही स्वामींच्याच पत्रव्यवहाराचा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ही प्रतिमा उभी चिरली. स्वामी सरदारांना कर्जे देत, त्यांच्या वसुलीसाठी तगादे लावत, भेटवस्तू मागत आणि रुसत, हे पत्रांतूनच दाखवून त्यांनी स्वामींना राजकारणातल्या प्रेरकाच्या आसनावरून खाली उतरवले.

दोन वर्षांत, एकाच माणसाच्या एकाच प्रकारच्या पत्रांतून दोन वेगळे निष्कर्ष. बाजीरावाच्या अंगावर कर्जाचा केवढा डोंगर होता आणि मोहिमांचा खर्च सावकारांच्या दारात उभे राहून कसा भागवला जाई, ते या पत्रांतूनच पहिल्यांदा ठळकपणे कळले. ती माहिती पारसनीसांनी छापलेल्या पत्रांतही होती. त्यांनी ती लपवली नाही, गाळलीही नाही; तिचा अर्थ लावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. चरित्रलेखक म्हणून त्यांचे मत आज कोणी धरत नाही, पण त्यांनी छापलेली पत्रे सगळे धरतात. खरे तर पारसनीसांच्या मताचा पाडाव करायला राजवाड्यांना जे बळ मिळाले, त्यातला काही दारूगोळा पारसनीसांनीच पुरवला होता.

या वादानंतरच्या पुस्तकांत एक बदल दिसतो. चरित्रांची संख्या रोडावते आणि नुसते कागद छापण्याकडे ओघ वळतो. पेशव्यांचे दफ्तर पुण्यात एलिएनेशन ऑफिसात होते आणि बाहेरच्या अभ्यासकांना ते जवळजवळ बंद होते. गणेश चिमणाजी वाड यांना त्यातून निवड करण्याची परवानगी पूर्वीच मिळाली होती. त्यांच्या निवडीवरच न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशांवरचा आपला निबंध लिहिला. वाडांच्या निवडीपैकी कैफियती आणि याद्या १९०८ साली, सनदा आणि पत्रे १९१३ साली, तह आणि करारनामे १९१४ साली छापून निघाले. तिन्ही पुस्तकांवर संपादक म्हणून दोन नावे आहेत, पुरुषोत्तम विश्राम मावजी आणि दत्तात्रेय बळवंत पारसनीस. मावजी हे मुंबईतले धनिक. चित्रे आणि कलावस्तू जमवणारे, ‘सुवर्णमाला’सारखे देखणे चित्रमय नियतकालिक काढणारे. त्यांचा कलासंग्रह पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमने विकत घेतला. एक संग्राहक दुसऱ्या संग्राहकाशी जोडला गेला. एकाकडे पैसा आणि छपाईची दृष्टी, दुसऱ्याकडे मोडी वाचणारी नजर आणि घराघरांतली ओळख. तिसऱ्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, पारसनीसांना रावबहादूर हा किताब मिळाला. सरकारचा विश्वास संपादन केल्याची ती पावती होती, आणि ज्या काळात दफ्तराची किल्ली सरकारच्या कनवटीला होती त्या काळात या पावतीचे मोल संशोधकाला चांगले कळत असे.

१९०८ साली त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले आणि ते १९१६ पर्यंत चालवले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ते छापले जाई. ‘ऐतिहासिक टिपणे’, ‘स्फुट लेख’, ‘पेशवे दफ्तरातील माहिती’ अशा सदरांखाली महिन्यामागून महिने कागद येत राहिले. त्याच मालिकेतून ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ आली. ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ आली. ती हिंगणे वकिलांची पत्रे. पेशव्यांचे परराष्ट्रकारण वकिलांच्या पत्रांवर चाले. दिल्लीचा बाजारभाव, बादशहाच्या दिवाणखान्यातली कुजबूज, कोणत्या सरदाराची मर्जी फिरली, कोणाच्या फौजेला पगार मिळाला नाही, हे सारे त्या पत्रांत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानात काय चालले होते हे फारसी तवारिखांच्या बाहेर जाऊन पाहायचे असेल, तर या पत्रांना पर्याय नाही. जदुनाथ सरकारांसारख्या फारसी साधनांच्या जाणकारानेही मराठी कागदांकडे गांभीर्याने पाहिले, यात पारसनीसांच्या प्रकाशनांचा वाटा आहे. पारसनीसांवर सरकारांनी स्वतंत्र लेखही लिहिला.

पारसनीसांना लाभलेले सर्वांत मोठे घबाड मात्र मेणवलीचे. वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा आहे. वाड्यामागे घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि १७०७ हे साल कोरलेली परदेशी घंटा. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी ती एक. नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारला. त्याची तरुण विधवा जिऊबाई पुढे मेणवलीला राहिली आणि १८५४ पर्यंत हयात होती. पेशवाई बुडाली, पुण्याचे सरकारी दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. नानाच्या घरचे दप्तर मात्र मेणवलीतच पडून राहिले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मराठी राज्याची सूत्रे ज्याच्या हाती होती त्याच्याकडे आलेली पत्रे या रुमालांत होती. हे दप्तर पारसनीसांनी मिळवले आणि साताऱ्याला आपल्या ‘हॅपी व्हेल’ या निवासस्थानी आणले.

असा रुमाल उघडल्यावर काय दिसते, ते थोडे जवळून पाहू. जाड सुती फडक्यात बांधलेले हातकागदाचे लांबट बंद. एक बंद संपला की दुसरा खाली खळीने चिकटवलेला, म्हणून मोठे पत्र गुंडाळीसारखे उलगडते. मजकूर मोडीत, ओळीवर सलग, शब्दांत जागा न सोडता. आणि तारीख? मराठे आणि निजाम यांच्यातल्या खर्ड्याच्या लढाईच्या सुमाराचे पत्र घेतले तर त्यावर ‘छ १९ साबान’ असे काहीसे असते. ‘छ’ म्हणजे चंद्र. हिजरी महिन्याचा एकोणिसावा चंद्र. साल असेलच याची खात्री नाही. असलेच तर ते आकड्यात नसून अरबी शब्दांत असते, ‘खमस तिसैन मया व अलफ’: पाच, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११९५. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९४ चा उत्तरार्ध येतो आणि ६०० मिळवले की १७९५ चा मेपर्यंतचा भाग. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची, शाबानच्या तिसऱ्या आठवड्यातली. हिशेब जुळला.

आता सालच नसेल तर? पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत असे, त्यामुळे वकील बहुधा चंद्र आणि महिना एवढेच लिहून मोकळा होई. अशा वेळी इतिहासकाराला आधार उरतो तो शेजारच्या पत्रांचा. त्याच रुमालात वरच्या पत्रात कोणती बातमी आहे, खालच्या पत्रात कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, यावरून मधल्या पत्राचे साल ठरते. पत्र रुमालातून वेगळे काढले की हा आधार तुटतो. ते कोणत्या घरातून, कोणत्या रुमालातून आले हे टिपून ठेवले नाही तर तो कायमचा तुटतो. पारसनीसांच्या प्रकाशनांवर अभ्यासकांचा जो मुख्य आक्षेप आहे तो हाच. ‘इतिहाससंग्रहा’त अनेक कागद कोणत्या दप्तरातले याची नीट नोंद न होता छापले गेले. टिपा त्रोटक आहेत. राजवाडे एका पत्राच्या तारखेसाठी पानभर वाद घालत. पारसनीस पुढच्या पत्राकडे वळत.

या आक्षेपाचे वजन आमच्या भागात राहणाऱ्याला चांगलेच जाणवते. येडशी, ढोकी, तेर हा बालाघाटाच्या कडेचा टापू, दक्षिणेला तुळजापूर आणि नळदुर्ग, पश्चिमेला परांडा. अठराव्या शतकात हा सगळा मुलूख निजामाचा, पण मराठ्यांच्या घोड्यांच्या टापांखाली सतत येणारा. खर्डे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच, जामखेड तालुक्यात. तिथल्या लढाईनंतर निजामाने जो मुलूख द्यायचे कबूल केले त्याची दक्षिण हद्द परांड्याची आणि उत्तर हद्द तापीची होती. म्हणजे या टापूचे भवितव्य ज्या वाटाघाटींत ठरत होते त्यांचे कागद इथे नाहीत. हैदराबादच्या दरबारातून पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे नानाला लिहीत होते. पटवर्धन सरदार छावणीतून मिरजेला लिहीत होते. पटवर्धनांची पत्रे खरेशास्त्र्यांनी छापली. नानाकडे आलेले कागद पुण्याच्या सरकारी दफ्तरात आणि मेणवलीत विभागले गेले. आमच्या गावांचा इतिहास शोधायचा तर तो दुसऱ्यांच्या रुमालांत शोधावा लागतो.

त्या शोधात नावांचाही घोळ होतो. जुन्या कागदांत धाराशिवसाठी ‘उस्मानाबाद’ सापडणार नाही. ते नाव विसाव्या शतकाच्या आरंभी मीर उस्मान अली खान यांच्यावरून आले. त्याआधी १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते आणि जिल्हाही नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई. म्हणून धाराशिव, परांडे, नळदुर्ग अशी नावे घेऊनच दप्तर चाळावे लागते. एखादे साल नसलेले पत्र परांड्याच्या ठाणेदाराबद्दल बोलते, तेव्हा ते १७६० च्या उदगीर मोहिमेतले की १७९५ च्या खर्ड्याचे, हा पस्तीस वर्षांचा फरक शेजारच्या पत्राशिवाय मिटत नाही. संग्राहकाने न लिहिलेल्या एका ओळीची किंमत दीडशे मैलांवरच्या खेड्याला मोजावी लागते ती अशी.

१९१६ पासून पारसनीसांच्या शीर्षकपानांची भाषाच बदलते. महाबळेश्वरावरचे पुस्तक (१९१६), सांगली संस्थानावरचे (१९१७), जुन्या पुण्यावरचे (१९२१), ही सगळी इंग्रजीत, देखण्या छपाईची, चित्रांनी भरलेली. साताऱ्यावरची एक इंग्रजी पुस्तिका १९०९ सालीच आली होती. वाचक आता ‘महाराष्ट्र कोकिळ’चा वर्गणीदार राहिला नव्हता, तो गव्हर्नरच्या उन्हाळी मुक्कामाला महाबळेश्वरी येणारा अधिकारी, संस्थानाचा पाहुणा, जुन्या चित्रांचा शौकीन होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने चित्रकार जेम्स वेल्स काम करत होता. त्या काळची चित्रे आणि इंग्रजी प्रवाशांची वर्णने यांना पारसनीसांनी मराठी कागदांच्या बरोबरीने जागा दिली. संशोधकांनी ही पुस्तके हलकी मानली. पण शहराचा इतिहास वाडे, बागा, हौद, चित्रे यांतूनही लिहिता येतो ही दृष्टी त्या पुस्तकांत आहे, आणि तीही शेवटी वस्तू गोळा करणाऱ्याचीच दृष्टी आहे.

याच काळात त्यांनी मुलकी सेवेतले न्यायाधीश चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांच्याबरोबर मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास काढला. पहिला खंड १९१८, दुसरा १९२२, तिसरा १९२५. पहिला शिवाजी महाराजांच्या मृत्यूपर्यंत, दुसरा शाहू महाराजांच्या मृत्यूपर्यंत, तिसरा पेशवाईच्या अखेरीपर्यंत. लेखणी मुख्यतः किंकेडची, साधने पारसनीसांची. पुस्तक वाचनीय आहे, आख्यायिकांना त्यात सढळ हाताने जागा आहे आणि साधनांची छाननी बेताचीच आहे. ज्याच्या घरी नानाचे दप्तर होते त्याच्या नावावरच्या इतिहासात नानाच्या दप्तराचा वापर एवढा कमी का, असा प्रश्न वाचकाला पडतो. कागद जमवण्याची आणि कागद पचवण्याची बुद्धी वेगळी असते, एवढेच त्याचे उत्तर.

पारसनीसांनी आयुष्याच्या अखेरीस केलेली गोष्ट मात्र या सगळ्या पुस्तकांहून टिकाऊ ठरली. संग्रह घरात राहिला तर तो मुलानातवंडांत वाटला जातो, नाहीतर बाजारात जातो. १९२५ च्या सुमारास साताऱ्याला ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले आणि त्यांचा संग्रह सार्वजनिक झाला. वर्षभरात, १९२६ च्या मार्चअखेर ते वारले. त्याच वर्षी राजवाडेही गेले. पुढे १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले तेव्हा साताऱ्याचा हा संग्रह तिकडे हलवण्यात आला. मराठ्यांच्या इतिहासासाठी तिथे त्र्यंबक शंकर शेजवलकर होते. त्यांच्यासारखा काटेकोर आणि कोणाची भीड न ठेवणारा माणूस मेणवलीच्या रुमालांवर बसला, हा त्या दप्तराचा भाग्ययोग. १९५४ आणि १९५९ साली ‘नागपूर अफेअर्स’चे दोन खंड निघाले. नागपूरकर भोसल्यांकडच्या वकिलांनी पाठवलेली मेणवली दप्तरातली पत्रे तारीखवार लावून, सालांची निश्चिती करून छापलेली. दप्तर फुटले नव्हते म्हणून ते शक्य झाले. पारसनीसांनी जे काम स्वतः केले नाही ते दुसऱ्याला करता येईल अशा स्थितीत त्यांनी ठेवले होते.

संग्राहकाच्या नोंदींचे महत्त्व त्या पिढीत फक्त आपल्यालाच शिकावे लागले असे नाही. लंडनमध्ये टॉमस वाइज हा पारसनीसांहून अकरा वर्षांनी मोठा. ग्रंथसंग्राहक, सूचीकार, इंग्रजी कवींच्या दुर्मिळ आवृत्त्यांबाबत शेवटचा शब्द मानला जाणारा. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या जुन्या पुस्तकांच्या व्यापारातल्या दोन तरुणांनी एक चौकशी प्रसिद्ध केली. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ सालची म्हणून विकली जाणारी पुस्तिका त्यांनी कागदाच्या तंतूंवरून तपासली. तो कागद लाकडाच्या रासायनिक लगद्याचा होता आणि तसा लगदा १८७४ पूर्वी वापरात नव्हता. त्यांना पहिला संशय आला तो साध्या गोष्टीवरून. या पुस्तिकांच्या एकाही प्रतीवर त्या काळच्या मालकाचे नाव, भेटीचा शेरा, काहीच नव्हते. मागचा माग नसलेल्या प्रती एकदम बाजारात आल्या होत्या आणि त्यांचा उगम वाइजपाशी जात होता. पारसनीसांच्या कागदांवर असा डाग नाही. मेणवलीचे रुमाल मूळचे आणि अस्सल आहेत. पण वस्तूइतकाच तिचा माग महत्त्वाचा, हा धडा दोन्हीकडे एकच.

पारसनीसांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना त्यांना राजवाड्यांच्या तराजूत तोलण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या तराजूत ते हलके भरतात. चिकित्सा कमी, सरकारदरबारी आणि संस्थानिकांत वावर जास्त, अर्थ लावताना भीड. हे सगळे त्यांच्या पुस्तकांवरूनच सिद्ध होते आणि ते मान्य केले पाहिजे. पण सरकारी दफ्तर अभ्यासकांना मोकळे झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले तेव्हा. त्याआधीची तीस वर्षे मराठी इतिहासाचा प्रपंच खाजगी घरांतून बाहेर काढलेल्या कागदांवर चालला, आणि त्या घरांच्या दारात सर्वांत जास्त वेळा उभा राहिलेला माणूस पारसनीस होता. राजवाड्यांनी कागद कसा वाचावा हे शिकवले. वाचायला कागद शिल्लक राहावा याची तजवीज ज्या थोड्यांनी केली, त्यांत पारसनीसांचे नाव वरचे.

त्यांच्या गुणांइतकाच त्यांच्या चुकीचा आज उपयोग आहे. धाराशिव, कळंब, परांड्याकडे देशमुख-देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या, मठांच्या घरी अजून मोडीचे गाठोडे निघते. ते पाहून कोणी त्यातला नक्षीदार शिक्क्याचा कागद वेगळा काढतो, काच लावून भिंतीवर टांगतो आणि उरलेले पुन्हा माळ्यावर टाकतो. तो कागद शोभेचा होतो, पुरावा राहत नाही. गाठोडे आहे तसे बांधून ठेवावे, त्यातला क्रम मोडू नये. ते कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कोणत्या साली निघाले आणि कोणाकडे गेले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच गाठोड्यात घालावे. काढून घ्यायचेच असेल तर आधी सगळ्याचे क्रमाने फोटो घ्यावेत. पारसनीसांना हे जमले असते तर त्यांच्या नावापुढे आज ‘पण’ लागला नसता. आपल्याला ते जमवायला ना दरबारी ओळख लागते, ना रावबहादुरी.